स्प्रेडशीटमध्ये चलनाचा दर: आणायचा कसा, गोठवायचा केव्हा

माझ्या हिशेबाच्या शीटमध्ये एकदा मार्चची बेरीज एप्रिलमध्ये बदलली. मी एकाही नोंदीला हात लावला नव्हता. डॉलरमध्ये आलेली रक्कम तीच, येनमधला खर्च तोच, तारखाही त्याच. तरी खालचा युरोतला एकूण आकडा आधीपेक्षा चाळीसेक युरोंनी कमी. अर्धा तास नोंदी ताडून पाहिल्यावर चूक सापडली, आणि ती नोंदींत नव्हतीच. प्रत्येक ओळीत मी आजचा दर आणणारा फॉर्म्युला टाकून ठेवला होता. आज रोज बदलतो, म्हणून माझा मार्चही रोज बदलत होता.

दर आणणं एका ओळीचं काम आहे, पाच मिनिटांत जमतं. डोकं लावायचं ते पुढे: हा दर कोणत्या दिवसाचा आणि तो कुठे थांबवायचा. म्हणून आणण्याचे मार्ग दाखवतो, आणि थांबवण्याबद्दल जरा जास्त बोलतो.

एक सूचना आधीच. इथे फॉर्म्युले देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये टाकताना फंक्शनचं नाव, चलनाचे कोड, सेलचे पत्ते आणि आकडे सगळं रोमन लिपीत टाका. स्पेलिंगची चिंता नको: बरोबरचं चिन्ह देऊन नावाची पहिली तीन-चार अक्षरं टाकली की खाली यादी उघडते, त्यातून निवडा. अवतरणचिन्हं मात्र कीबोर्डवरची साधी, सरळच हवीत. कुठून तरी चिकटवलेल्या फॉर्म्युल्यात वळलेली अवतरणचिन्हं येतात आणि शीट ती ओळखत नाही. नवख्या माणसाच्या पहिल्या एररमागे बहुतेक वेळा हेच असतं.

चलनाचा कोड आणि जोडीची दिशा

प्रत्येक चलनाला तीन अक्षरांचा कोड असतो. हे कोड आयएसओ ४२१७ या मानकातून येतात. ते पहिल्यांदा १९७८ साली प्रसिद्ध झालं. बहुतेक कोडमध्ये पहिली दोन अक्षरं देशाची आणि तिसरं चलनाच्या नावाचं. यूएस आणि डी मिळून यूएसडी, जेपी आणि वाय मिळून जेपीवाय, जीबी आणि पी मिळून जीबीपी. अंदाजाने कोड लिहिणारा स्विस फ्रँकपाशी हमखास अडखळतो: तो सीएचएफ आहे, कारण त्यातला सीएच देशाच्या लॅटिन नावातून, कॉन्फेडेराशिओ हेल्वेटिकातून आलेला आहे. युरोचा कोड ईयूआर.

दोन कोड चिकटवले की जोडी होते, आणि जोडीत क्रम महत्त्वाचा. यूएसडीईयूआर म्हणजे एका डॉलरला किती युरो. ईयूआरयूएसडी म्हणजे एका युरोला किती डॉलर. डावीकडच्या चलनाचं एक नाणं, उजवीकडच्या चलनातली त्याची किंमत, असं लक्षात ठेवा. जवळ डॉलर आहेत आणि युरो काढायचे आहेत, तर यूएसडीईयूआर आणायचा आणि गुणायचं. उलटी जोडी हाताशी असेल तर भागायचं. गुणायचं की भागायचं यात माझा अजूनही कधीकधी गोंधळ होतो. अशा वेळी मी येनची एक ओळ टाकून बघतो. एका युरोला शंभराच्या वर येन पडतात, तेव्हा युरोचे येन करताना आकडा फुगला पाहिजे. आक्रसला तर दिशा चुकली.

गूगल शीट्स: पहिला दर

कोणत्याही रिकाम्या सेलमध्ये हे टाका:

=गूगलफायनान्स("करन्सी:यूएसडीईयूआर")

एंटर दाबलं की क्षणभर लोडिंग दिसतं आणि मग दशांशातला एक आकडा येतो. झालं. अवतरणचिन्हांच्या आत करन्सी, विसर्ग-टिंब म्हणजे कोलन, आणि लगेच सहा अक्षरं. मध्ये कुठेही जागा सोडायची नाही.

हा दर तंतोतंत या क्षणाचा असतोच असं नाही. तो वीस मिनिटांपर्यंत मागे असू शकतो, आणि गूगल स्वतःच सांगतं की ही माहिती केवळ माहितीसाठी आहे, सौदे करण्यासाठी नाही. घरखर्चाच्या अंदाजाला, प्रवासाच्या बजेटला किंवा कोटेशनच्या पहिल्या मसुद्याला एवढं पुरतं.

प्रत्येक चलनासाठी फॉर्म्युला हाताने बदलत बसू नका. कोड सेलमध्ये ठेवा. समजा ए कॉलममध्ये रक्कम आहे, बी कॉलममध्ये त्या रकमेचं चलन, आणि एफ१ मध्ये ज्या चलनात सगळं पाहायचं आहे त्याचा कोड. मग सी२ मध्ये:

=इफ(बी२=$एफ$१, १, गूगलफायनान्स("करन्सी:"&बी२&$एफ$१))

आणि डी२ मध्ये:

=राउंड(ए२*सी२, २)

अँडचं चिन्ह तुकडे जोडतं: करन्सी आणि कोलन, मग बी२ मधला कोड, मग एफ१ मधला. डॉलरची चिन्हं इथे पैशांची नाहीत. फॉर्म्युला खाली ओढला तरी एफ१ जागचा हलू नये म्हणून ती आहेत. सुरुवातीचा इफ कशाला? युरोचे युरो करताना दर विचारायची गरज नाही, उत्तर एकच. ते न विचारलेलं बरं.

आता सी२ आणि डी२ निवडून खाली ओढा. अरेफॉर्म्युला हे फंक्शन एकच फॉर्म्युला सगळ्या कॉलमला लावतं, त्यात सगळं गुंडाळायचा मोह होईल, पण गूगलफायनान्स त्यात नीट पसरत नाही. ओढणंच सोपं.

राउंड कुठे लावला आहे तेही बघा. गुणाकार झाल्यावर लावला आहे, दराला नाही. समजा एक येन म्हणजे ०.००६२ युरो. दर दोन दशांशांपर्यंत गोल केला तर तो ०.०१ होतो. एक लाख येनचे खरे ६२० युरो, आणि शीट सांगेल १,०००. दराचा कॉलम रुंद ठेवा, त्यात पाच-सहा दशांश स्थळं दिसू द्या. शेवटच्या रकमेला किती दशांश हवेत हे चलनावर ठरतं: बहुतेकांना दोन, येनला एकही नाही, कुवैती दिनारला तीन.

फॉर्म्युला बरोबर असूनही शीट तो स्वीकारत नसेल तर स्वल्पविराम तपासा. ज्या भाषा-प्रदेशात दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, तिथल्या सेटिंगमध्ये फंक्शनचे भाग अर्धविरामाने तोडावे लागतात. फाइल मेनूत सेटिंग्ज, आणि तिथे लोकेल. तिथे कोणता देश निवडला आहे त्यावर हे ठरतं.

एखाद्या जुन्या तारखेचा दर

याच फंक्शनला आणखी दोन गोष्टी दिल्या की ते मागचा दर देतं:

=गूगलफायनान्स("करन्सी:यूएसडीईयूआर", "प्राइस", डेट(२०२४, १, १५))

इथे नवखा माणूस दचकतो, कारण एकाच्या जागी चार सेल भरतात. वरच्या ओळीत डेट आणि क्लोज ही शीर्षकं, खालच्या ओळीत तारीख आणि दर. आपल्याला दुसऱ्या ओळीतला दुसरा आकडा हवा. तो उचलायला इंडेक्स:

=इंडेक्स(गूगलफायनान्स("करन्सी:"&बी२&$एफ$१, "प्राइस", ए२), २, २)

इथे तारीख ए२ मध्ये आहे असं धरलं आहे. ती खरोखरची तारीख हवी, तारखेसारखा दिसणारा मजकूर नको. ओळखायची सोपी खूण: सेलला काही संरेखन दिलेलं नसेल तर तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे.

हा फॉर्म्युला उद्या उघडला तरी तोच आकडा देतो. माझ्या एप्रिलच्या गोंधळावर खरा उपाय हाच होता. दहा-वीस नोंदी असतील तर इथे थांबलात तरी चालेल.

नोंदी शेकड्यांत गेल्या की मात्र शीट जड होते. प्रत्येक ओळ बाहेर जाऊन दर विचारते, अर्धे सेल लोडिंगवर अडकतात, काही एन/ए दाखवतात, म्हणजे दर मिळालाच नाही अशी एरर. तेव्हा पद्धत बदला: दर एकदाच, एकगठ्ठा आणा आणि नोंदींनी ते शीटच्या आतूनच उचलावेत.

दर नावाचा नवा टॅब उघडा. त्याच्या ए१ मध्ये:

=गूगलफायनान्स("करन्सी:यूएसडीईयूआर", "प्राइस", डेट(२०२४, १, १), डेट(२०२४, १२, ३१), "डेली")

वर्षभराचे दर दोन कॉलममध्ये ओघळतात. खाली आणि उजवीकडे जागा रिकामी हवी; वाटेत काही लिहिलेलं असेल तर फॉर्म्युला पसरायला नकार देतो आणि रेफची एरर येते. डेलीच्या जागी वीकली लिहिलं तर आठवड्याला एक दर.

आता नोंदींच्या टॅबमध्ये व्हीलुकअप लावायचा, म्हणजे तारीख देऊन यादीतून तिच्या शेजारचा दर उचलणारं फंक्शन, आणि इथे एक खड्डा आहे. मी त्यात दोन महिने होतो, कळलंही नाही.

दर टॅबमधल्या एखाद्या तारखेवर क्लिक करून वरच्या पट्टीत किंवा सेलचं फॉरमॅट बदलून बघा. नुसती तारीख नसते, तिच्यासोबत वेळ असते; चलनांच्या बाबतीत सहसा २३:५८:००. शीटच्या पोटात प्रत्येक तारीख म्हणजे एक आकडा असतो. १५ जानेवारी २०२४ म्हणजे ४५३०६. पण दर टॅबमधला १५ जानेवारी असतो ४५३०६.९९८६ च्या आसपास, कारण दिवस जवळजवळ संपलेला आहे. तुमच्या नोंदीतला १५ जानेवारी मात्र मध्यरात्रीचा, नुसता ४५३०६.

व्हीलुकअपला हुबेहूब जुळणी मागितली तर काहीच सापडत नाही आणि एन/ए येतं. ते परवडलं, निदान चूक दिसते. जवळची जुळणी मागितली तर ते दिलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून लहान अशी शेवटची ओळ शोधतं. ४५३०६ पेक्षा लहान शेवटची ओळ कोणती? आदल्या दिवसाची. दर येतो, दिसायला ठीक दिसतो, पण प्रत्येक नोंदीला एक दिवस आधीचा लागलेला असतो. चलनाचा दर एका दिवसात फारसा हलत नाही, म्हणून डोळ्याला खटकतही नाही.

उपाय एवढाच, की शोधताना तारखेत एक मिळवा:

=व्हीलुकअप(ए२+१, दर!$ए$२:$बी, २, ट्रू)

आता शीट पुढच्या मध्यरात्रीच्या आधीची शेवटची ओळ शोधते, म्हणजे त्याच दिवशीची २३:५८ वाली. त्या दिवसाचा दर यादीत नसेल, तर आपोआप त्याआधीचा शेवटचा दर लागतो, आणि हिशेबात बहुतेकांना तेच हवं असतं. लावून झाल्यावर पाच तारखा निवडा आणि दर टॅबमध्ये बोटाने शोधून ताडून बघा. पाचही जुळल्या तर पुढे जा.

एक्सेल वापरत असाल तर

एक्सेलला गूगलफायनान्स माहीत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी असेल तर तिथे वेगळी सोय आहे. ए२ मध्ये यूएसडी/ईयूआर असं लिहा, मध्ये तिरकी रेघ. तो सेल निवडून डेटा टॅबवर जा, डेटा टाइप्सच्या चौकटीत करन्सीज निवडा. मजकुराआधी एक लहान चित्र उमटलं म्हणजे एक्सेलने जोडी ओळखली. मग शेजारच्या सेलमध्ये:

=ए२.प्राइस

टिंब टाकताच काय काय मिळेल त्याची यादी उघडते. त्यात शेवटच्या सौद्याची वेळही असते. ती शेजारी एका सेलमध्ये आणून ठेवा. आकडा किती शिळा आहे हे त्यावरून कळतं, आणि शिळा असण्याची शक्यता इथे बरीच आहे, कारण हा दर स्वतःहून सतत पळत नाही. ताजा करायचा तर डेटा टॅबवर रिफ्रेश ऑल.

जुन्या तारखेसाठी वेगळं फंक्शन आहे, आणि त्यात जोडी कोलनने लिहायची:

=टेक(स्टॉकहिस्टरी("यूएसडी:ईयूआर", ए२-७, ए२, ०, ०, १), -१)

नाव शेअरचं असलं तरी चलनालाही चालतं. आतला भाग ए२ मधल्या तारखेपर्यंतच्या आठवड्याचे बंद भाव मागतो: पहिला शून्य रोजचे दर हवेत म्हणून, दुसरा शून्य शीर्षक नको म्हणून, आणि शेवटचा एक फक्त बंद भाव हवा म्हणून. टेक त्यातला शेवटचा उचलतं. एकाच तारखेऐवजी आठवडा मागण्याचं कारण शनिवार-रविवार: बाजार बंद असेल तर शुक्रवारचा दर हाती लागतो. आजच्या दरासाठी हे फंक्शन वापरू नका, ते झालेल्या दिवसांचं आहे.

कोणालाही दाखवता येईल असा दर

वरचे सगळे दर बाजारातले. खरेदी आणि विक्रीच्या भावांच्या मधले, दिवसभर हलणारे. कोणी विचारलं की हा आकडा कुठून आणलास, तर फॉर्म्युल्यातून हे उत्तर जरा लंगडं पडतं. अशा वेळी मध्यवर्ती बँकेने जाहीर केलेला संदर्भ दर बरा. युरोपियन सेंट्रल बँक युरोच्या तुलनेत सुमारे तीस चलनांचे असे दर प्रत्येक कामाच्या दिवशी, मध्य युरोपच्या वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास जाहीर करते. १९९९ पासूनचे सगळे दर तिच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. हे दर माहितीसाठी असतात, या भावाने कोणी पैसे बदलून देत नाही. पण दिवसाला एकच आकडा आणि तो कोणालाही पडताळता येतो, हे हिशेबाला सोयीचं.

बँकेच्या संकेतस्थळावर युरोच्या संदर्भ दरांच्या पानावर जा. तिथे आजच्या दरांची एक्सएमएल फाइल मिळेल. तिच्या दुव्यावर उजवं क्लिक करून पत्ता कॉपी करा आणि शीटच्या ए१ मध्ये चिकटवा. पत्ता फॉर्म्युल्यात कोंबण्यापेक्षा सेलमध्ये ठेवलेला बरा. उद्या तो बदलला तर एकाच ठिकाणी बदलावा लागेल. मग गूगल शीट्समध्ये:

=इम्पोर्टएक्सएमएल($ए$१, "//*[@करन्सी='यूएसडी']/@रेट")

विंडोजवरच्या एक्सेलमध्ये, २०१३ पासूनच्या आवृत्त्यांत, आणि लिब्रेऑफिसमध्येही:

=फिल्टरएक्सएमएल(वेबसर्व्हिस($ए$१), "//*[@करन्सी='यूएसडी']/@रेट")

अवतरणांतला भाग म्हणतो: फाइलमध्ये जिथे करन्सी यूएसडी आहे ती नोंद शोध आणि तिचा रेट दे. करन्सी आणि रेट हे दोन शब्द रोमनमध्ये लहान लिपीतच लिहा, मोठ्या अक्षरांत लिहिले तर काही सापडत नाही. चलनाचा कोड मात्र मोठ्या अक्षरांत. तारीखही त्याच फाइलमध्ये असते. तिच्यासाठी शेवटचा भाग असा: "//*[@टाइम]/@टाइम". ती आणाच. रविवारी शीट उघडलीत तर दर शुक्रवारचा असेल, आणि तारीख शेजारी असली तरच ते दिसेल.

आलेला दर डावीकडे चिकटला, गुणाकार चालेना, तर तो आकडा नसून मजकूर आहे. दशांशाला स्वल्पविराम मानणाऱ्या लोकेलमध्ये असं होतं, कारण फाइलमध्ये दशांशाचं टिंब आहे. एक्सेल आणि लिब्रेऑफिसमध्ये नंबरव्हॅल्यू या फंक्शनमध्ये तो गुंडाळा आणि दशांशाचं चिन्ह म्हणून टिंब सांगा. गूगल शीट्समध्ये सब्स्टिट्यूटने टिंबाचा स्वल्पविराम करा आणि मग व्हॅल्यू या फंक्शनमध्ये गुंडाळा.

इथला प्रत्येक दर एका युरोला किती, असा आहे. डॉलरचे येन करायचे तर दोन दर आणून भागाकार करायचा. समजा एका युरोला १.१० डॉलर आणि १६० येन. मग एका डॉलरला १६० भागिले १.१०, म्हणजे १४५.४५ येन. ज्या चलनात जायचं ते वर, जिथून निघालो ते खाली. दोन्ही दर एकाच दिवसाचे असले पाहिजेत, हे सांगायला नको.

गोठवणं

आता मुख्य गोष्ट. मी शीटमधल्या ओळी दोन ढिगांत टाकतो. काही ओळी अजून घडायच्या आहेत: पुढच्या महिन्याचं येणं, प्रवासाचा अंदाज, हातातल्या शिलकेची आजची किंमत. त्यांना हलता दर शोभतो, हलायलाच हवा. बाकीच्या घडून गेल्या आहेत, आणि घडून गेलेल्या ओळीतला दर हलला तर तो हिशेब राहत नाही.

ओळ घडली की दराचा सेल कॉपी करा आणि त्याच जागी फक्त मूल्य चिकटवा: कंट्रोल-शिफ्ट-व्ही, मॅकवर कमांड-शिफ्ट-व्ही. एक्सेलच्या जुन्या आवृत्तीत हा शॉर्टकट नसेल, तर उजवं क्लिक करून पेस्ट स्पेशलमध्ये व्हॅल्यूज. फॉर्म्युला जातो, आकडा उरतो. शेजारी दोन लहान कॉलम ठेवा: दर कोणत्या तारखेचा, आणि कुठून आणलेला. मी आता फॉर्म्युला असलेल्या दरांना फिकट पिवळा रंग देतो आणि गोठवल्यावर तो काढून टाकतो. महिनाअखेरीला पिवळं काही उरलं असेल तर लगेच दिसतं.

जुन्या तारखेचा फॉर्म्युला स्थिर असतो, मग तो का गोठवायचा? कारण तो स्थिर असला तरी उत्तर अजून बाहेरूनच येतं. नेट नसेल, सेवा अडखळली असेल, तर तीन वर्षांपूर्वीच्या ओळीतही एन/ए उगवतं. शिवाय गूगलफायनान्सचे जुने दर शीटबाहेर, म्हणजे डाउनलोड करून किंवा स्क्रिप्टने, मिळू दिले जात नाहीत. फाइल कोणाला पाठवायची असेल तर आधी गोठवा, मग पाठवा.

आणि जिथे पैसे खरोखर बदलले गेले, तिथे दर शोधूच नका. खात्यातून १,००० डॉलर गेले आणि समोर अमुक युरो जमा झाले, तर जमा भागिले गेलेले हाच तुमचा दर. बँक किंवा कार्ड कंपनी बाजाराच्या मधल्या भावाने पैसे बदलत नाही. आपला फरक त्यात घेते, वर शुल्कही असू शकतं. फॉर्म्युल्याचा दर शेजारच्या कॉलममध्ये आणून दोन्हींतला फरक टक्क्यांत काढा. हा कॉलम मी कुतूहल म्हणून सुरू केला होता. काही महिन्यांनी त्याच्याकडे बघून मी पैसे पाठवायचा मार्गच बदलला.

एररशी कसं वागायचं

एन/ए दिसलं की लोक घाईने इफएरर (एररऐवजी आपण सांगू ते दाखवणारं फंक्शन) लावतात आणि चुकीच्या जागी शून्य भरतात. असं करू नका. शून्य बेरजेत गुपचूप मिसळतं आणि एक अख्खी नोंद गायब होते. एक भरणं त्याहून वाईट, कारण मग येन आणि युरो सारखेच मोजले जातात. लावायचाच असेल तर असा लावा:

=इफएरर(गूगलफायनान्स("करन्सी:"&बी२&$एफ$१), "दर नाही")

मजकूर असला की पुढचा गुणाकार अडतो, बेरीज लाल होते, आणि तुम्ही बघायला जाता.

एन/ए एकाच ओळीत असेल तर कोड तपासा. कोडच्या आधी किंवा नंतर चुकून पडलेली जागाही पुरते. सगळ्या ओळींत एकदम असेल तर तुमची चूक नाही, थोड्या वेळाने उघडा. आणि फक्त जुन्या ओळींत असेल तर चलनाचाच इतिहास बघा. तुर्की लिराने २००५ मध्ये सहा शून्यं उडवली आणि कोड टीआरएलचा टीआरवाय झाला. युरोपियन सेंट्रल बँकेने रशियन रूबलचा दर मार्च २०२२ मध्ये जाहीर करणं थांबवलं, म्हणून त्या फाइलमध्ये रूबल शोधून सापडत नाही.

क्रोएशियाचं कुना तर १ जानेवारी २०२३ रोजी युरोत विलीन झालं. त्या चलनातली एखादी जुनी रक्कम आज युरोत आणायची असेल तर सरळ ७.५३४५ ने भागा. हा दर कायमचा ठरवून दिलेला आहे, त्याला पिवळा रंग लागत नाही.